फोडणीचा वास नसलेला हिवाळा

संध्याकाळी न्यायालयाबाहेरचे माझे टेबल आवरून मी दिंडोशीहून टेकडीच्या वाटेला लागतो, तेव्हा डिसेंबरच्या अखेरीस माझे नाक माझ्यापुढे चालू लागते. वस्तीच्या पहिल्या पायरीपासून ते वास वेचत असते. ठेचलेला लसूण, तडतडलेली मोहरी, तव्यावर पडलेला सुका बोंबील. हे वास ओळीने मिळत गेले की जीव स्वस्थ होतो. परंतु मध्येच एखादी गल्ली कोरडी लागते. भांडी वाजत असतात, दिवे लागलेले असतात, आणि वास मात्र नुसत्या शिजत्या भाताचा. तिथे माझे पाऊल आपोआप थबकते. लोकांना वाटते, काका दम खात उभे आहेत.

मुंबईच्या थंडीची थट्टा करण्याची रीत आहे. खालच्या इमारतींत राहणाऱ्यांनी ती खुशाल करावी. टेकडीवर पत्र्याखाली झोपणाऱ्यास ती ठाऊक असते. पहाटे पत्रा इतका गार पडतो की आतल्या बाजूने थेंब सुटतात. पायथ्याशी नवे मनोरे उठत आहेत, त्यांची सिमेंटची धूळ आणि शेकोट्यांचा धूर मिळून एक राखी थर वस्तीवर बसतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. पतंगांचे दिवस, तिळगुळाचे दिवस, पोरांची नाके वाहण्याचे दिवस. आणि याच दिवसांत गोवर येतो.

आमच्याकडे त्याला गोवर म्हणत नाहीत. देवी म्हणतात. खरी देवी, जिची खूण माझ्या पिढीच्या दंडावर नाण्याएवढी उमटलेली आहे, ती या जगातून केव्हाच गेली, आणि सुईनेच गेली. परंतु तिचा मानपान मागे उरला, आणि वारस नसलेली मिळकत जशी कोणीही बळकावतो, तसा तो गोवराने बळकावला. मुलाच्या अंगावर पुरळ दिसले की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो. घरात फोडणी बंद होते. तेल तापवायचे नाही, काही तळायचे नाही, कारण देवी घरात असताना चर्र असा आवाज झाला तर तिला चटका बसतो. मुलाला उजेड सोसत नाही, म्हणून भर दुपारी दारावर जुनी साडी ओढली जाते. त्या साडीआडून दोन लाल डोळे रस्त्याकडे पाहत असतात. एका घरातली फोडणी बंद होते, मग समोरच्या, मग वळणापलीकडच्या. रोग अशा रीतीने चालत येताना मी नाकाने अनुभवला आहे. त्याला पावलांचा आवाज नसतो. तो एकेक वास पुसत येतो.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. शिक्षण इयत्ता नववीपर्यंत. त्यापुढचे शिक्षण मी मसुद्यांकडून घेतले. रेशनकार्डावरील नावापासून जामिनाच्या विनंतीपर्यंत या उपनगरातील हजारो लोकांची गाऱ्हाणी माझ्या हातून शासनदरबारी गेली, आणि माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलविण्याचे धाडस भल्याभल्या वकिलांनी केलेले नाही. हे आत्मस्तुतीसाठी लिहीत नाही. पुढील हकिगतीस ते आवश्यक आहे.

तो हिवाळा महामारीच्या टाळेबंदीनंतरचा. दोन वर्षे लोक दवाखान्याच्या पायरीला घाबरले होते, आणि त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या लशी राहून गेल्या होत्या. काहींच्या राहिल्या, काहींनी राहू दिल्या. माझ्या घरातही तसेच एक मूल होते. माझी नात आरवी. मुलगा प्रशांत आणि सून सायली यांचे पहिले अपत्य. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस द्यावयाची असते. आरवीला दहा संपून अकरावा लागला होता, आणि तो विषय घरात निघाला की प्रशांत मोबाइलमध्ये मान घालीत असे.

कारण दोघांनाही होते. त्याआधीची एक लस दिली त्या रात्री आरवी तापाने फणफणली, मांडी सुजली, आणि प्रशांत पार्सले पोहोचविण्याच्या पाळीवर होता. माझी पत्नी हयात असती तर तिने धीर दिला असता. मी दिला, परंतु पुरुषाचा धीर अशा वेळी भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा असतो. असतो, पण चढत कोणी नाही. सायली पुढे एकदा मला म्हणाली, "बाबा, कुणी सांगितलंच नव्हतं ताप येतो म्हणून. मला वाटलं, मीच मारली हिला." प्रशांतचे कारण निराळे. त्याच्या मित्रांच्या गटात एक व्हिडिओ फिरत होता. त्यात एक बाई रडत सांगत होती की, सुई दिल्यावर तिचे मूल बोलायचे बंद झाले. ती बाई कोण, गाव कोणते, कशाचाच पत्ता नव्हता. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी तो हातातही धरला नसता. परंतु रडणाऱ्या बाईकडे कोणी पत्ता मागत नाही.

आरोग्य केंद्रातून फिलोमिना सिस्टर येत. मालाडच्याच एका जुन्या गावठाणातल्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब. आवाज असा की भोंग्याची गरज नसावी, तरी त्यांच्या हाती भोंगा असे. वरच्या गल्लीतल्या फोडण्या बंद होऊ लागल्या तेव्हा त्या रोज चढून येऊ लागल्या.

"ऐका गं बायांनो! पोरं दगावतील तेव्हा रडत येऊ नका माझ्याकडे!"

साडीआडून कोणीतरी उत्तर देई, "सिस्टर, आधी तुमच्या तोंडाला लस टोचून घ्या!"

गल्ली हसे, आणि हसताहसता दारे लागत. सिस्टर भोंगा काखेत मारून पायऱ्या उतरत. एके दुपारी त्या थेट माझ्या टेबलाशी येऊन ठेपल्या.

"भाऊसाहेब, माझं कुणी ऐकत नाही. तुमच्या कागदाला मान आहे ना? लिहा काहीतरी भारी."

मी लिहिले. तो मसुदा आजही मला तोंडपाठ आहे. 'सर्व रहिवाशांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, येत्या गुरुवारी महानगरपालिकेचे पथक वस्तीत दाखल होत असून, प्रत्येक घरातील पाच वर्षांखालील बालकांची नोंद घेण्यात येईल. पालकांनी बालकांसह घरीच उपस्थित राहावे. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस पालक सर्वस्वी जबाबदार राहतील.' लसीकरणाचा उल्लेख त्याखाली, योग्य त्या जागी, होता. सिस्टरांनी त्याच्या प्रती काढून नाक्यावर, नळावर, शौचालयाच्या भिंतीवर लावल्या. त्यांच्या मदतनीस मुलींनी घरे लक्षात राहावीत म्हणून दारांवर खडूने खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतला रिक्षावाला रमेश प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून माझ्या टेबलासमोर उभा. पिशवीत वीजबिले, झोपडीचा फोटोपास, मतदारओळखपत्र.

"काका, वाट लागली. पथक येतंय गुरुवारी."

"लशीचे पथक आहे ते, रमेश."

"कसली लस! वाचलं नाय का तुम्ही? नोंद घेणार, घरीच थांबा म्हणून सांगितलंय. दारावर नंबर पण टाकून गेल्या पोरी. तोडकामाच्या आधी असंच करतात ना?"

"अरे, खाली लिहिले आहे, लसीकरण."

"खालचं कोण वाचतं? आणि लशीला 'परिणामांस जबाबदार' लिहितात होय? तुम्ही शिकलेले ना, काका? चला, स्टेचा अर्ज लिहा. पटकन. मागे अजून सात-आठ जण आहेत."

खरोखरच होते. अशा रीतीने माझ्याच निवेदनाविरुद्ध अर्ज लिहून देण्याची विनंती मला त्या दिवशी अनेकवार करण्यात आली. मी प्रत्येकाला समजावले. माझ्या तोंडावर ते हो म्हणाले, आणि घरी जाऊन त्यांनी ओल्या फडक्याने दारांवरचा खडू पुसला. गुरुवारी सिस्टर लशींची निळी पेटी घेऊन मंडळाच्या खोलीत बसल्या, तेव्हा आमच्या गल्लीत कुलपांखेरीज काही नव्हते. कोणी मुलांना घेऊन देवनारला बहिणीकडे गेले होते, कोणी विरारला. जे घरात होते तेही आतून कडी लावून, मुलांच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. पेटीतला बर्फ वितळून तिच्या चिरेतून पाणी ठिबकत होते.

"भाऊसाहेब," सिस्टर म्हणाल्या, "भोंगा होता तेव्हा निदान शिव्या तरी मिळायच्या."

मी त्यांना बजावले की, मसुद्यात दोष नव्हता. आजही माझे तेच म्हणणे आहे. परंतु त्या ओस दुपारी कुलपांच्या ओळीसमोर उभा असताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. या टेकडीवर कागद घेऊन वर येणारा माणूस आजवर दोनच कारणांनी आला. मोजायला आणि मोडायला. काही द्यायला आला, असे कोणाच्या आठवणीत नाही. त्या कागदाची भाषा ऐकली की आमची माणसे अर्थासाठी थांबत नाहीत, पोरे उचलतात. तेव्हा मला हे मात्र उमगले नव्हते की, देवनारला आणि विरारला गेलेली ती मुले परत येताना एकटी येणार नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या शेजारची फोडणी बंद झाली.

शेजारी सुमनवहिनी राहत. मूळ मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते. गिरणी गेल्यावर रखवालदारी करता करता तेही गेले. मुलगा आणि सून दोघे कामावर जात, आणि दोन नातवंडे वहिनींच्या अंगावर. ओंकार पाच वर्षांचा, परी दोनची. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये भिंत एकच, तीही पत्र्याची. त्यांच्याकडे कढईत मोहरी पडली की आमच्याकडे शिंक यायची. ती यायची थांबली, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या दाराला डहाळा दिसला. ओंकार विरारहून ताप घेऊन आला होता.

ते दिवस मला अंधुक उजेडाचे आठवतात. साडीतून गाळून येणारा पिवळट प्रकाश. कडुनिंबाच्या उकळत्या पाण्याची कडवट वाफ. वहिनी दिवसभर पाय न वाजवता चालत. गल्लीतल्या बायका लांबूनच हात जोडून जात. देवीची भीती आणि देवीचा मान, दोन्ही एकाच नमस्कारात. सिस्टर आल्या तर त्यांना बाहेरूनच सांगितले जाई, "देवी बसली आहे. आत येऊ नका." आणि सिस्टर, ज्या एरवी कोणाचे ऐकत नसत, तिथे क्षणभर थांबून क्रूसाची खूण करीत आणि पुढे जात.

ओंकार उठला. पुरळ काळवंडले, कोंडा झाला, पोरगे खेळण्यासाठी रडू लागले. आता देवीची पाठवणी. आमच्याकडची रीत अशी की, त्या दिवशी मुलाला निंबाच्या पाण्याने न्हाऊ घालायचे आणि आळीतल्या पाच लहान मुलांना बोलावून थंड दहीभात जेवू घालायचा. देवी त्या पाच मुखांनी जेवते आणि संतुष्ट होऊन निघते. ज्याच्या मुलाला बोलावणे येते त्याने नाकारायचे नाही. नाकारलेली देवी नाकारणाऱ्याच्या दारी जाते.

"गो सायली," वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "उद्या देवी जाता. तुझ्या चेडवाक घेऊन ये. नाय म्हणू नको गो."

सायली नाही म्हणाली नाही. कोणीच म्हणाले नसते. मीही देवीच्या नावाने हात जोडले आणि बरे म्हणालो.

रविवार होता. मला वडीलधारा म्हणून दाराशी पाट दिला होता. पाच मुले ओळीने बसली. त्यांच्यापुढे केळीच्या पानांचे तुकडे, पानावर पांढराशुभ्र भात, वर साखरेची चिमूट. आरवी सायलीच्या मांडीवर, आणि शेजारी, पाचांत नसलेली पण कोणाचे न ऐकणारी परी. बाहुलीसारखी पोर. त्या दिवशी तिचे डोळे तांबडे होते आणि पाणी गळत होते. दारातून उन्हाची तिरीप आली की ती मान फिरवून आजीच्या पदरात तोंड खुपशी. नाकही वाहत होते.

"काकी, परीला बरं नाही का?" सायलीने विचारले.

"सर्दी हा गो. थंडीची."

इतक्यात परीने आपल्या पानातला घास उचलला आणि आरवीच्या तोंडात कोंबला. "आलवी, घाश." सगळे हसले. मीही हसलो. वहिनींनी परीची बोटे पदराने पुसली आणि म्हणाल्या, "बघा, देवीच घालता हा तिका." गेलेल्या पाहुण्याची पाठवणी चालली होती, आणि नवा पाहुणा त्याच पंगतीत बसून जेवू घालीत होता. ते कोणाला कळले नाही. देवी ओंकारच्या अंगावर आली होती, तर जाणारही ओंकारच्याच अंगावरून, असा आमचा हिशेब. ती घरातल्या घरात जागा बदलते, हे कोणी धरतच नाही.

मंगळवारी सकाळी परीच्या कानांमागे लाल ठिपके उठले आणि दुपारपर्यंत कपाळावर उतरले. रोजच्या फेरीत पुरळाची आणि पंगतीची वार्ता लागून तासाभरात फिलोमिना सिस्टर आमच्या दारात. भोंगा नव्हता. त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"आरवी किती वेळ होती परीजवळ?"

"जेवणभर," सायली म्हणाली. "मांडीला मांडी."

"मग ऐक. आज दिली तर धरायची आशा आहे. तीन दिवसांच्या आत पोचली तर लस गोवराच्या पुढे धावते. उद्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"गॅरंटी?" आतून प्रशांतने विचारले. त्याची दुपारची पाळी होती. तो शर्टाची बटणे लावीत होता.

"नाही, दादा. गॅरंटी मी देत नाही. खोटं बोलले तर पुढच्या वेळी तू दार उघडणार नाहीस."

"ताप येईल?" सायलीने विचारले.

"येईल. आज नाही तर आठ-दहा दिवसांनी येईल. बारीक पुरळपण उठेल कदाचित. घाबरायचं नाही, अंगावर पाजत राहायचं, मला फोन करायचा. फोन नाही उचलला तर खाली येऊन शिव्या घालायच्या."

सायली त्यांच्याकडे वळली. "मागच्या वेळी हे कुणीच सांगितलं नव्हतं."

"कोण होतं तेव्हा?"

"तुम्हीच होतात."

सिस्टर म्हणाल्या, "रांग मोठी असते गं." आणि थोड्या वेळाने, खाली पाहत, "सांगायला हवं होतं."

प्रशांत मोबाइल घेऊन बाहेर आला. "हे बघा आधी. हिचं पोरगं चांगलं बोलत होतं. सुई दिली, बंद. आमच्या आरवीचं असं झालं तर? तुम्ही येणार भरून द्यायला?"

व्हिडिओतली बाई रडू लागली. मी ती यापूर्वी अनेकदा ऐकली होती. त्या दिवशी मात्र मला दुसरेच कोणी दिसू लागले. माझा धाकटा भाऊ वसंत. तो गावी असतो, शेजाऱ्यांच्या गुरांकडे पाहतो. त्याला ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. जन्मतः तसा नव्हता. मला आठवते, तो मला 'दादू' म्हणत असे. दोन वर्षांचा असताना देवी आली, अंगावरची उतरली, पण कानांतून पू वाहत राहिला, आणि एके दिवशी आईने मागून हाक मारली तर त्याने वळून पाहिले नाही. घरात बोलण्याची पद्धत अशी की, देवीने वाचा घेतली पण जीव ठेवला. ही तिची कृपा. दरवर्षी तिच्या नावाने नारळ वाहिला जातो, आणि तो वसंतच फोडतो.

"प्रशांत," मी म्हणालो, "वसंतकाकाला काय झाले होते?"

"देवी."

"देवी नव्हे. गोवर. हाच. पलीकडे परीला जो आला आहे, तोच."

मला वाटले, आता तो मानेल. माझ्या आयुष्यात मी इतका थोडक्यात आणि इतका अचूक युक्तिवाद कधी केला नव्हता. परंतु त्याने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "ते गावाकडचं होतं, बाबा. जुनं." मग सायलीकडे वळून, "जायचं तर जा. तुझ्या जबाबदारीवर."

"नऊ महिने पोटात कुणाच्या जबाबदारीवर होती?" सायली म्हणाली. तिने आरवीला शालीत गुंडाळले आणि सिस्टरांच्या मागून पायऱ्या उतरली. प्रशांत दारातच उभा राहिला. पलीकडून, पत्र्यातून, परीचे कण्हणे येत होते.

त्या आठवड्याचे वर्णन मला नीट करता येत नाही. वाट पाहण्याला प्रसंग नसतात. सायली दर सकाळी उजेडात बसून आरवीचे कान दुमडून मागे पाहत असे, आणि आम्ही दोघे पुरुष भिंतीकडे पाहत चहा पीत असू. संक्रांत आली. कोणीतरी तिळगुळ दिला. तो वाटीतच राहिला. वर आकाशात पतंग आणि खाली गल्लीत एकही फोडणी नाही. मधल्या एका दिवशी परीचा श्वास वाढला. वहिनींच्या मुलाने तिला दोन हातांवर घेतले, उजेड लागू नये म्हणून तोंडावर आईची ओढणी टाकली, आणि रुग्णवाहिका वर चढत नाही म्हणून तो सगळ्या पायऱ्या तसाच उतरला. गल्लीतल्या प्रत्येक साडीची कड थोडीथोडी उचलली गेली. मी त्याला वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत पाहिले. चौथ्या दिवशी तो परत वर चढला, तेव्हा ओढणी त्याच्या खांद्यावर होती आणि हात रिकामे.

त्याच सुमारास आरवीला ताप भरला. पोटावर बारीक पुरळ. सिस्टरांनी सांगितला होता तोच हा ताप की तो दुसरा, हे कोण सांगणार? प्रशांत रजा न टाकता घरी राहिला आणि दिवसभर तिच्याकडे पाहत बसला. तो मधूनमधून टाळी वाजवी, आणि ती वळली की श्वास सोडी. दोन दिवसांनी ताप उतरला. पुरळ मावळले. संपले. इतकेच.

उन्हे तापू लागली तेव्हा एका सकाळी नळावर एक तरुण बाई कडेवरच्या मुलासह सुमनवहिनींशी बोलायला थांबली. काहीतरी सांत्वनाचे बोलत असावी. वहिनींनी हंडा खाली ठेवला, आणि तिला दंडाला धरून पायथ्याकडे वळवले. "माझ्याकडे येव नको," त्या म्हणाल्या. "थंय जा. खाली. सिस्टर बसता हा, थंय." त्या उन्हाळ्यात आरोग्य केंद्रात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका दिसल्या. माझे निवेदन नाक्यावरच्या भिंतीवर पावसाळ्यापर्यंत होते. ते कोणी फाडले नाही, एवढे सांगतो.

मात्र एक विचार त्या दिवसांपासून माझ्या मनात घर करून आहे. माझ्या व्यवसायात घटनेवाचून अर्ज होत नाही. दिनांक, स्थळ, झालेले नुकसान. ज्याचे नुकसान झाले त्याला मी न्यायालयात उभा करू शकतो. परंतु जे घडले नाही, ते कोणत्या परिच्छेदात लिहावयाचे? आरवी वाचली ती सुईने की दैवाने? परी गेली याला दाखला आहे. आरवी राहिली याला दाखला नाही. लशीची सारी पुण्याई न घडलेल्या गोष्टींची असते, आणि न घडलेल्या गोष्टी लोक पहिल्या उन्हाळ्यातच विसरतात. मग पुन्हा हिवाळा येतो. रोगाची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली आहे.

सुमनवहिनी मुलगा, सून आणि ओंकार यांच्यासह गावी निघून गेल्या. खोलीत आता एक भाडेकरू जोडपे आहे. त्यांचेही एक लहान मूल. गेल्या आठवड्यात ते कोठूनसे लग्नाहून परतले. वरच्या गल्लीत दोन दारांवर साड्या लागल्या आहेत, हे मी परवा पाहिले. आणि आमच्या घरात आता आरवीचा भाऊ आहे, वेद. त्याला नऊ महिने पूर्ण होऊन गेले.

आज सकाळी न्याहारीला बसलो असता सायलीने विषय काढला. "वेदची लस राहिलीय. उद्या जाऊन येते."

प्रशांतने चहात पाव बुडवला. "बघू. आरवीला तेव्हा दिली, तरी ताप आलाच ना? आणि सुईमुळेच वाचली, हे कशावरून? तुझं तुलाच माहीत नाही."

"नाही माहीत," सायली म्हणाली.

"मग?"

"मग काय? मी विचारत नाहीये, सांगतेय."

"आणि ताप आला तर?"

"येईल. तेव्हा तू रजा काढशील."

मी काही बोलणार होतो. माझ्याकडे या विषयावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेवढ्यात पलीकडून, पत्र्याच्या त्या बाजूने, एका मुलाचा खोकला आला. कोरडा, घोगरा, थांबत थांबत. एकदा. मग पुन्हा, अधिक जवळून, जणू भिंतीला तोंड लावून. प्रशांतच्या हातातला पाव तुटून चहात पडला. आरवीने खेळणे थांबवून आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहिले.

सायली उठली. तिने वेदला दुपट्यात घेतले, टोपी त्याच्या डोळ्यांपर्यंत ओढली.

"उद्या म्हणालीस ना?" प्रशांत म्हणाला.

ती उंबरा ओलांडून पायऱ्या उतरू लागली होती, आणि प्रशांत दाराशी वाकून, उजेडात डोळे बारीक करून, आपल्या चपला शोधत होता.